भिंतीतली खोली: मासाच्चोच्या ‘पवित्र त्रैक्य’ या भित्तिचित्राचा अभ्यास

यथादर्शन, म्हणजे आपण सर्रास ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतो ते, शिकवायला घेतलं की फ्लॉरेन्समधलं एक भित्तिचित्र हमखास पुढे येतं. त्याच्या छापील प्रतीवर पट्टी ठेवून छताच्या कडा खाली वाढवतात, सगळ्या रेघा एका बिंदूत येऊन मिळतात आणि वर्गाचं समाधान होतं. चित्र इटालियन चित्रकार मासाच्चोचं, नाव ‘पवित्र त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), ठिकाण सांता मारिया नोव्हेल्ला चर्च, काळ १४२५ ते १४२७च्या आसपासचा. छताच्या रेघा जुळतात यात शंका नाही. अडचण येते ती छताखाली उभ्या असलेल्या सर्वांत महत्त्वाच्या आकृतीपाशी. आपण मान वर करून पाहतो आहोत असं छत सांगतं, आणि पिता परमेश्वर मात्र आपल्या अगदी समोर, आपल्याच पातळीवर असल्यासारखा सरळ उभा आहे.

यावर एक तयार उत्तर असतं: देवाला माणसाच्या नजरेचे नियम लागू नाहीत, म्हणून चित्रकाराने मुद्दाम तसं केलं. उत्तर सुंदर आहे, पण त्याच्या आड दोन वेगळ्या गोष्टी लपतात. पित्याला सरळ रंगवणं ही एक गोष्ट. ती निवड होती आणि माझ्या मते बरोबर होती. पिता नेमका कुठे उभा आहे हे धड न सांगणं ही दुसरी गोष्ट. तिथे मासाच्चोने पळवाट काढली आहे. हा फरक दिसायला हवा असेल तर चित्र कुठे आहे, भिंतीवर ते कसं चढलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे सगळं पाहावं लागतं.

काम काय होतं

सांता मारिया नोव्हेल्ला हे डॉमिनिकन संन्याशांचं चर्च. मुख्य दालनाच्या डाव्या हाताला जी लांबट मार्गिका आहे, तिच्या भिंतीवर हे चित्र आहे. उंची ६६७ सेंटिमीटर, रुंदी ३१७. समोरच्या बाजूला त्या काळी दफनभूमीकडून आत येणारं दार होतं. मयताला पोचवून, किंवा आपल्या माणसाच्या थडग्यावर प्रार्थना करून जो आत शिरत असे, त्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ही भिंत येई. चित्राच्या पायथ्याशी सांगाडा का आहे, याचं अर्धं उत्तर या दारात आहे.

पैसे कुणी दिले यावर अभ्यासकांत एकमत नाही. लेन्झी आणि बेर्ती अशी दोन घराण्यांची नावं घेतली जातात. नाव कोणतंही असो, नवरा-बायको चित्रात आहेत आणि गुडघे टेकून आहेत. विषय जुनाच होता. पिता सिंहासनावर बसलेला, त्याने पुत्राचा क्रूस पुढे धरलेला आणि दोघांच्या मध्ये कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा, ही मांडणी युरोपात शतकानुशतकं चालत आली होती. बहुतेक वेळा मागे सोन्याचा वर्ख असायचा. सोनं म्हणजे स्वर्ग, आणि स्वर्गात कोण किती अंतरावर आहे हे विचारायचं नसतं.

मासाच्चो तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होता. जन्म डिसेंबर १४०१, मृत्यू १४२८ साली रोममध्ये. म्हणजे सत्तावीस वर्षंही पुरी नाहीत. याच दोन-चार वर्षांत त्याने ब्रांकाची घराण्याच्या प्रार्थनागृहातली चित्रं काढली आणि १४२६ साली पिसासाठी एक मोठं वेदीचित्र केलं. त्याच्या हातात काय नवं होतं ते शेजारच्या एका चित्राकडे पाहून कळतं. १४२३ साली जेंतीले दा फाब्रिआनोने याच शहरात स्ट्रोझ्झी घराण्यासाठी ‘मागींचं वंदन’ (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) पूर्ण केलं: सोनं, जरतारी वस्त्रं, घोडे, माकडं, डोंगरावरून वळसे घेत येणारी मिरवणूक. डोळे दिपवणारं चित्र आहे, आणि मला ते मनापासून आवडतंही. त्यानंतर तीन-चार वर्षांच्या आत मासाच्चोने सोनं काढून टाकलं आणि त्याच्या जागी चुना-विटांची वाटावी अशी एक खोली बांधली.

दोरी आणि कंपास

चित्र खालून वर वाचत गेलो तर आधी येतो दगडी शवपेटीवर आडवा पडलेला सांगाडा. त्याच्या वर वेदीच्या फळीसारखी पुढे आलेली एक कड. तिच्या वरच्या पायरीवर दोन बाजूंना ते नवरा-बायको, दोघेही चौकटीच्या बाहेर, जवळजवळ आपल्याच जगात. त्यांच्या मागे माथ्याला पानांची नक्षी असलेले दोन मोठे कॉरिंथियन अर्धस्तंभ, त्यांच्या आत माथ्याला वेटोळी असलेल्या आयोनिक स्तंभांवर पेललेली अर्धवर्तुळाकार कमान, आणि कमानीतून आत जाणारं पिंपाच्या पाठीसारखं गोल छत, लाल-निळ्या चौकोनी खणांचं. कमानीच्या आत क्रूसाच्या दोन्ही बाजूंना ख्रिस्ताची आई मरिया आणि शिष्य योहान, मधोमध क्रूसावरचा ख्रिस्त, आणि त्याच्या मागे, वर, क्रूसाच्या आडव्या दांडीला दोन्ही हातांनी आधार देणारा पिता.

ही वास्तू फ्लॉरेन्समध्ये तेव्हा अगदी ताजी होती. वास्तुविशारद ब्रूनेलेस्कीच्या अनाथालयाचं काम १४१९ साली सुरू झालं होतं. रोमन घाटाच्या कमानी, बारीक स्तंभ, मोजून घेतलेली प्रमाणं, हे सगळं शहरात नुकतंच डोळ्यांना पडू लागलं होतं. बाप्तिस्मागृहाचं चित्र आरशातून दाखवण्याचा ब्रूनेलेस्कीचा प्रसिद्ध प्रयोगही या चित्राच्या आधीचा. त्यामुळे या खोलीचा आराखडा त्यानेच करून दिला असं काही जण मानतात. शक्य आहे. पण आल्बेर्ती या विद्वान लेखकाने यथादर्शनाची रीत कागदावर मांडली ती १४३५च्या सुमारास, आणि १४३६ साली आपल्या ग्रंथाची इटालियन आवृत्ती ब्रूनेलेस्कीला अर्पण करताना त्याने मासाच्चोचंही नाव घेतलं. म्हणजे पुस्तकाच्या आधी भिंत झाली होती.

खोलीची रचना पाहिली की मासाच्चोचा व्यवहारीपणा जाणवतो. गोल छताची आडवी कमानपट्टी भिंतीला समांतर असते. समांतर असलेलं वर्तुळ यथादर्शनात वाकडंतिकडं होत नाही. वर्तुळच राहतं, फक्त मागे जाईल तसं लहान होतं. म्हणजे कमानी कंपासने मारता येतात. छताच्या लांबीच्या कडा भिंतीला काटकोनात आत जातात, म्हणून त्या सगळ्या एका बिंदूला मिळतात. त्या ताणलेल्या दोरीने मारता येतात. कंपास आणि दोरी, दोनच अवजारांत अख्खी खोली उभी राहते. हेच छत चार बाजूंनी चढत जाणारं, छेदणाऱ्या कमानींचं असतं तर त्याच्या वक्ररेषांनी जीव घेतला असता. अवघड दिसणारी पण करायला सरळ अशी रचना निवडणं, हे कसबी माणसाचं लक्षण आहे.

तो बिंदू क्रूसाच्या पायथ्याच्या जरा खाली, जमिनीच्या कडेशी आहे, म्हणजे चर्चमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. याचे परिणाम मोठे आहेत. एक तर चित्रातली खोली आणि आपण उभे आहोत ती जागा सलग होतात. भिंत उघडली आहे आणि आत अजून एक दालन आहे असं वाटतं. दुसरं, खोलीची जमीन डोळ्यांच्या रेषेत आल्यामुळे दिसतच नाही. टेबलाच्या कडेला डोळा लावला तर टेबलाचा पृष्ठभाग दिसत नाही, एक रेघ दिसते, तसं. खोली किती खोल आहे याचा हिशेब त्यामुळे एकट्या छतावर अवलंबून राहतो. ही जमीन न दिसणं पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटकांसाठी रंगवलेले महालांचे आणि रस्त्यांचे पडदे ज्या यथादर्शनावर उभे होते, त्याचा उगम याच फ्लॉरेन्समध्ये आहे. पडद्यावरचा महाल नाट्यगृहातल्या मोजक्याच खुर्च्यांवरून खरा वाटतो, कडेला बसलेल्याला तो मोडलेला दिसतो. मासाच्चोचं चित्रही असंच जागेला बांधलेलं आहे. म्हणून मोबाइलवर ते पाहताना एक खबरदारी घ्यावी. पडद्यावर आपली नजर आपोआप चित्राच्या मध्यावर, ख्रिस्ताच्या कमरेशी जाते, आणि मग छत विचित्र उभं, माणसं एकावर एक रचल्यासारखी दिसतात. नजर मुद्दाम खाली आणून पायरीच्या कडेवर ठेवावी आणि तिथून वर पाहावं. चित्राबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पित्याबद्दलची मात्र मिटत नाही.

ओला गिलावा

फ्रेस्को हा शब्द आपल्याकडे जरा सैल वापरला जातो. अजिंठ्याच्या चित्रांनाही तो लावतात, पण तिथे माती, भुसा वगैरेंच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावलेले आहेत. इटलीतल्या खऱ्या फ्रेस्कोत बंधक नसतोच. आधी अख्ख्या भिंतीवर खडबडीत गिलावा. मग त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर विरवलेल्या चुन्याचा आणि बारीक वाळूचा गुळगुळीत लेप. तो ओला आहे तोवर नुसत्या पाण्यात कालवलेले रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. दुपार टळली, लेप सुकला, की काम थांबलं. उरलेला लेप कडेने तिरका कापून काढायचा आणि उद्या तिथून पुढे.

आता या पद्धतीत यथादर्शन बसवायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. काम वरून खाली चालतं, कारण वरचे ओघळ खालच्या पुऱ्या झालेल्या कामावर पडता कामा नयेत. म्हणजे छत आधी रंगवायचं. पण छताच्या सगळ्या रेघा ज्या बिंदूला जायच्या तो बिंदू कित्येक मीटर खाली, अजून कोऱ्या असलेल्या भिंतीवर. तिथून दोरी वरपर्यंत ताणायची, ओल्या लेपावर तिच्या कडेने टोकदार अवजाराने चर ओढायचा, आणि आजच्या तुकड्यातला चर कालच्या तुकड्यातल्या चराशी तंतोतंत जुळवायचा. तिरप्या उजेडात हे चर आजही दिसतात. त्यात परांचीवर उभा असलेला चित्रकार छताच्या अगदी नाकासमोर असतो. खालून ते कसं दिसेल हे त्याला त्या क्षणी दिसत नाही. डोळ्यांवर विसंबता येत नाही, दोरीवरच भरवसा ठेवावा लागतो. या चित्रातल्या रेघांची अचूकता मला म्हणूनच एखाद्या सिद्धान्तापेक्षा जास्त भावते. ती गवंड्याची अचूकता आहे.

मरियेच्या चेहऱ्यावर मात्र दोरीची नव्हे, चौकटींची जाळी कोरलेली सापडते. लहान रेखाटन चौकोन पाडून मोठं करण्याची ही रीत. चेहरा खालून पाहिल्यासारखा किंचित चढता करायचा होता, आणि ते अंदाजाने जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे आकृत्यांना नियम लावता येतो हे मासाच्चोला ठाऊक होतं आणि एका ठिकाणी त्याने तो लावलाही. पित्याला आणि ख्रिस्ताला त्याने तसं केलं नाही, ते जमत नव्हतं म्हणून नव्हे.

निळ्या रंगाची एक नोंद इथेच करायला हवी. अझुराइटसारखा निळा रंग ओल्या चुन्यात बरा टिकत नाही, म्हणून तो वाळलेल्या लेपावर बंधक घालून लावायची पद्धत होती. असा रंग पुढे पोपडे होऊन सुटतो. भित्तिचित्रांतले लाल अजून ठसठशीत आणि निळे मळकट दिसतात ते बऱ्याच वेळा यामुळे. या चित्रात रंगांचा हिशेब आडवा-तिडवा आहे: डावीकडचा गुडघे टेकलेला पुरुष लाल, त्याच्या वरची मरिया निळी, उजवीकडची स्त्री निळी, तिच्या वरचा योहान लाल, आणि वर पित्याच्या अंगावर दोन्ही. नजर फुलीसारखी फिरत वर जाते. निळे मूळच्या तेजात असताना ही फुली आजच्यापेक्षा नक्कीच कडक दिसत असणार.

माणसं

यथादर्शनाच्या कौतुकात माणसांकडे दुर्लक्ष होतं, आणि तो या चित्रावरचा अन्याय आहे. पैसे देणारे नवरा-बायको पाहा. जुन्या चित्रांत असे दाते बोटाएवढे, संतांच्या पायाशी कोपऱ्यात असायचे. इथे ते पुऱ्या मापाचे आहेत, मरिया-योहानाच्या तोडीचे. चेहरे बाजूने दिसतात, वय झालेलं, हनुवटीखाली मांस सैल. कुणी त्यांना देखणं करायचा प्रयत्न केलेला नाही. ते समोर पाहतात, वर नाही. क्रूस त्यांना दिसत नसावा, अशीच त्यांची बैठक आहे.

मरिया तर मला या चित्रातली सर्वांत धीट आकृती वाटते. क्रूसाच्या पायथ्याशी मूर्च्छित होणारी, रडणारी आई हा हुकमी प्रसंग मासाच्चोने टाळला. ही बाई प्रौढ आहे, चेहरा कोरडा, जवळजवळ कठोर. उजव्या हाताने ती मुलाकडे निर्देश करते, आणि तिची नजर आपल्यावर असते. चित्रातलं दुसरं कुणीच आपल्याकडे असं पाहत नाही. दफनभूमीकडच्या दाराने आत आलेल्या माणसाला जाब विचारावा तशी ती उभी आहे. त्या मानाने योहान हात जोडून, बोटं गुंफून विषयाला साजेसा उभा आहे. त्याच्याबद्दल आणखी काही सांगावं असं मला काही सापडत नाही.

आणि खाली सांगाडा. शवपेटीच्या वर इटालियन भाषेत ओळ कोरल्यासारखी लिहिली आहे. अर्थ असा, की तुम्ही आज जे आहात ते मी होतो आणि मी आज जो आहे ते तुम्हीही व्हाल. लॅटिनऐवजी बोलीतली ओळ आहे. ती संन्याशांसाठी नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होती. ख्रिस्ताला जिथे क्रूसावर दिलं त्या गुलगुथा टेकडीवर क्रूस रोवला त्याखाली पहिला माणूस आदाम याचं दफन होतं, अशी जुनी समजूत आहे. तेव्हा हा सांगाडा आदामाचाही आहे, दात्याचाही आणि पाहणाऱ्याचाही. नजरेचा बिंदू सांगाड्याच्या वर आणि क्रूसाच्या खाली ठेवल्यामुळे खाली पाहिलं की मरण आणि वर पाहिलं की तारण अशी विभागणी होते. नियम इथे नुसता खोलीचा भास देत नाही, विषय सांगतो.

पिता कुठे उभा आहे?

आता तक्रारीकडे. पित्याला छताच्या नियमाने रंगवलं असतं तर काय झालं असतं? दाढीची खालची बाजू, नाकपुड्या, मोठे झालेले हात आणि चेहरा आखडून वरच्या अंधारात. ज्याच्याकडे पाहून प्रार्थना करायची त्याचं मुख दिसलं नसतं. पुढे मान्तेन्या या चित्रकाराने पादुआ शहरात संत याकोबाच्या चित्रात अशीच खालची नजर आकृत्यांनाही लावून दाखवली. मागच्या माणसांची पावलं जमिनीच्या कडेआड जातात, आणि पाहणारा थक्क होतो. ते चित्र १९४४च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, आता छायाचित्रांतच उरलं आहे. पण ते एका घटनेचं चित्र होतं, रस्त्यावरची गर्दी होती. वेदीवरच्या देवाला ती रीत लावली तर चतुराई दिसते आणि देव दिसत नाही. मासाच्चोने खोलीला नियम लावला, मरियेला थोडा लावला, ख्रिस्ताला आणि पित्याला लावला नाही. ही पायरीपायरीने सोडलेली सूट आहे आणि ती मला पटते.

पटत नाही ती त्याच्या पायाखालची फळी. पिता मागच्या भिंतीला लागून असलेल्या एका कट्ट्यावर उभा दाखवला आहे. क्रूस मात्र खोलीच्या पुढच्या भागात, मरिया-योहानाच्या जवळ रोवलेला दिसतो. आणि पित्याचे दोन्ही हात क्रूसाच्या दांडीला लागलेले आहेत. पाय मागच्या भिंतीशी असतील तर हात पुढे पोचणार नाहीत. पिता पुढे असेल तर कट्टा कुठे गेला? क्रूसच मागे असेल तर त्याच्या शेजारच्या माणसांचं माप जमत नाही. शिवाय तो खरंच मागच्या भिंतीशी असेल तर त्याचं दिसणारं माप पाहता तो बाकीच्यांहून कितीतरी थोराड आहे असं मानावं लागेल. गेल्या शंभर वर्षांत अनेकांनी या खोलीचा आराखडा मोजून मांडायचा प्रयत्न केला, आणि कुणाची खोली चौरस येते, कुणाची लांबट. छताचे खण चौरस मानले तर एक उत्तर, स्तंभांच्या माथ्यावरच्या फळ्या चौरस मानल्या तर दुसरं.

जमीन दिसत असती, तिच्यावर फरशी असती, तर हा घोळ पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. जमीन न दिसण्याचा फायदा मासाच्चोला इथे मिळतो. त्याने तो जाणूनबुजून घेतला असं मी मानतो. दोरीने इतकं काटेकोर छत ओढणाऱ्या माणसाला पायाखालची गल्लत कळली नसेल हे संभवत नाही.

पण हा दोष त्याच्या हाताचा नाही, नव्या तंत्राचा आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर पिता अधांतरी असला तरी कुणी विचारत नव्हतं. खरी वाटेल अशी खोली बांधली की तिथे वजन येतं, अंतर येतं, आणि आत शिरलेल्या प्रत्येकाला पाय कुठेतरी टेकावे लागतात. सिंहासन काढून पित्याला उभं केल्यावर त्याला आधार द्यावाच लागला, म्हणून कट्टा आला, आणि कट्ट्याने नवा प्रश्न उभा केला. धर्माचं उत्तर इथे लागू पडत नाही. देवाला नियम नसतील तर त्याला कट्टाही नको होता.

दुसरी तक्रार लहान, पण विषयाच्या मुळाशी जाणारी. पवित्र आत्मा कुठे आहे ते पहिल्या नजरेत सापडत नाही. पित्याच्या गळ्याशी, खाली झेपावणारं पांढरं कबुतर आहे. खालून पाहताना ते त्याच्या झग्याची पांढरी कॉलर वाटते. तिघांच्या चित्रात तिसरा शोधावा लागतो. दोन डोक्यांच्या मध्ये अरुंद जागा होती हे खरं, पण क्रूस हातभर खाली घेतला असता तर ती मिळाली असती. हे चित्राचं सर्वांत कच्चं ठिकाण आहे असं मला वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

स्तुती करणाऱ्यानेच झाकलं

याबद्दल न बोलण्याची सवय कुठून आली त्याचा माग काढला तर आपण जॉर्जो वासारीपाशी पोचतो. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने १५५०च्या ग्रंथात या चित्राचं वर्णन केलं. सगळी स्तुती छताची: खण असे लहान होत गेले आहेत की भिंतीला आरपार भोक पडल्यासारखं वाटतं. दात्यांच्या आकृत्यांबद्दल तो म्हणतो की पुढच्या सोनेरी सजावटीमुळे त्या नीट दिसत नाहीत. सांगाड्याचा उल्लेखच नाही. म्हणजे तेव्हाच चित्राचा खालचा भाग पाहणाऱ्यांच्या नजरेतून गेला होता, आणि पुढच्या पिढ्यांनी वासारीचा छताचा धडा तेवढा पाठ केला.

नंतर याच वासारीवर चर्चच्या नूतनीकरणाचं काम आलं. कॅथलिक चर्चची ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ साली संपली होती. सामान्य भाविकाला मुख्य वेदी दिसावी म्हणून चर्चमधले मधले आडवे अडसर काढून टाकण्याची, बाजूच्या भिंतींवर एकसारख्या वेद्या उभारण्याची लाट आली होती, आणि ड्यूक पहिला कोझिमो याच्या आज्ञेने सांता मारिया नोव्हेल्लातही तेच झालं. ‘त्रैक्या’च्या जागी दगडी वेदी आली आणि १५७०च्या सुमारास तिच्यावर खुद्द वासारीने रंगवलेलं जपमाळेच्या मरियेचं चित्र. जुनं चित्र त्याने खरवडलं नाही, त्यावर रंग फासला नाही. पुढे वेदी बांधून ते मागे ठेवलं. हुकूम पाळला आणि चित्रही वाचवलं, असा अर्थ मी लावतो. उदारपणा म्हणा नाहीतर हिशेबीपणा.

१८६०च्या सुमारास त्या वेद्या काढताना वरचा भाग सापडला. तो भिंतीवरून सोडवून प्रवेशाच्या भिंतीच्या आतल्या अंगाला नेऊन लावला गेला. खालचा सांगाडा मात्र तिथेच मागे राहिला. दफनभूमीकडच्या दारासमोर, उभ्या माणसाच्या डोळ्याला बांधून केलेलं चित्र जवळजवळ शंभर वर्षं भलत्याच भिंतीवर, सांगाड्याविना लटकत राहिलं. १९५२ साली कलेतिहासकार उगो प्रोकाच्चीला मूळ जागी सांगाडा मिळाला, आणि मग वरचा भाग परत आणून दोन्ही जोडले गेले.

टीका करताना हा प्रवास डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. चित्राच्या कडांचा आणि दोन भागांच्या सांध्याजवळचा बराच भाग नंतरच्या दुरुस्तीचा आहे. तिथल्या रेघांवरून मासाच्चोला शाबासकी देण्यात किंवा त्याच्या चुका काढण्यात अर्थ नाही. छत, ख्रिस्त, मरिया, दाते यांच्यावर मात्र नि:शंक बोलता येतं. १९५२च्या आधी लिहिलेल्या रसग्रहणांत हे चित्र ‘नव्या शास्त्राचा विजय’ म्हणून येतं, त्यात त्या लेखकांचा दोष नाही, कारण त्यांच्यासमोर क्रूस, कमान आणि छत एवढंच होतं. पण सांगाडा परत येऊन सत्तर वर्षं उलटली तरी वर्गात दाखवायच्या प्रती तशाच, खालचा तिसरा हिस्सा कापलेल्या, छापल्या जातात. अशी प्रत हातात आली तर रेघा ओढण्याआधी पूर्ण चित्राची मागणी करावी, आणि रेघा ओढून झाल्यावर पट्टी पित्याच्या कट्ट्यावर ठेवून तो प्रश्नही वर्गात विचारावा.